श्रावणात मोजलेला धूर

मामा,

शेठने तेराव्याला पाठवलेला हार मी तुझ्या फोटोवरून काढला आणि गटारात टाकला. मामी ओरडली, "मेलेल्या मानसाच्या अंगावरचं कोन काढतं काय गं?" मी म्हटलं, अंगावरचं नाही, फोटोवरचं. आणि ज्याने मारलं त्याचं.  पत्रावळी वाढणारा थांबला. मी हात धुतले आणि पंगत पुढे वाढायला घेतली.

तू असतास तर म्हणाला असतास, "डिगरी, जेवनाच्या टायमाला भांडन न्हाय." बी.एस्सी. झाले त्या दिवसापासून तू मला कल्पना म्हणायचं सोडून दिलंस. डिगरी, च्या ठेव. डिगरी, मामीला सांग मी आलो. चाळीतली पोरंसुद्धा मला डिगरीताई म्हणायला लागली. मला राग यायचा, आणि आवडायचंही. आपल्या दिघाशीच्या घरात त्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मला पुढे नेणारा तू. म्हणून लोकांनी तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी उठले नाही. मला चांगले शब्द सुचत नव्हते. मला नावं घ्यायची होती.

पाचव्या दिवशी शेठ स्वतः येऊन गेला. चप्पल न काढता उंबऱ्याशी उभा राहिला. म्हणाला, "शांताराम देवमानूस होता. विडीने खाल्ला त्याला."

मी म्हटलं, "शेठ, मामाने जन्मात विडी ओढली नाही."

"अगं पोरी, पुरुषमानूस घरात सांगतो काय सगळं?"

"तुमच्या बॉयलरसमोर आयुष्य काढलं त्याने. त्याला विडीची गरजच नव्हती."

तो हसला. मामीकडे बघून म्हणाला, "शिकलेली हाय ना," आणि गेला. मामी माझ्यावर चिडली. शेठवर नाही, माझ्यावर. कारण आपली खोली शेठची. त्याच्या साइझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्याच्या, मागे पत्र्याच्या आठ खोल्यांची जी चाळ आहे, ती त्याची. त्या खोलीत राहून मी अकरावीपासून डिग्रीपर्यंत शिकले, आणि त्या खोलीनेच तुझं तोंड बंद ठेवलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला त्यातली एकच लक्षात ठेवायची आहे आणि ते जमत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तुला आठवतं, मी दिघाशीहून भिवंडीत आले तो पहिला हिवाळा? गावाला थंडीत धुकं पडतं ते ओलं असतं, गवतावर चालून आलं की पाय भिजतात. इथलं धुकं कोरडं होतं, पिवळट. घशाला लागायचं. सकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. मी घाबरून मामीला दाखवला. मामी म्हणाली, "सगल्यांचाच काला होतो, त्यात काय दाखवायचं?" तू नुकताच ड्युटीवरून आला होतास. पायरीवर बसून चहात खारी बुडवत होतास. खारीनेच चिमणीकडे बोट केलंस.

"बघ. धूर उभा हाय का बसलाय?"

मी बघितलं. धूर चिमणीतून निघून थोडा वर जात होता आणि मग कोणी डोक्यावर हात ठेवून दाबावा तसा आडवा होऊन आपल्या पत्र्यांवर उतरत होता.

"बसलाय," मी म्हटलं.

"थंडीत झोपतो तो. सकाली तर उठतच न्हाय. दहा वाजता ऊन लागलं की जरा हलतो."

मग तू मला बारा महिन्यांचा धूर सांगितलास. उन्हाळ्यात दुपारी धूर सरळ वर जातो, संध्याकाळी खाडीवरून वारं सुटलं की पडघ्याकडे पाहुणा जातो, आपल्याला त्रास नाही. पावसाळ्यात चिमणीतून काळाच निघतो, पण पाऊस त्याला धुऊन खाली आणतो. पत्र्यावरून शाईसारखं पाणी येतं, हवा मात्र साफ. दसरा झाला की वारं मरतं. तिथून होळीपर्यंत जो धूर आपण काढू तो आपणच खायचा. "दुसऱ्याला पाठवता येत न्हाय," तू म्हणालास, आणि उरलेली खारी तोंडात टाकलीस.

दुसऱ्या वर्षाला कॉलेजात हेच शिकवलं. थंडीत जमिनीजवळची हवा गार राहते, वरची उबदार, आणि त्या वरच्या हवेचं झाकण बसतं. मी घरी येऊन टोप, झाकण, वाफ असं सगळं मांडून तुला समजावून सांगितलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस. मग म्हणालास, "म्हंजे सरांनी पन तेच सांगितलं. मना चिमनीनं शिकवलं, तुला पुस्तकानं. चल, झाकन काढ, भात करपंल."

त्याच पायरीवर बसून मामीने एकदा सांगितलं होतं, ती लग्न होऊन आली तेव्हा थंडीत तिथून पूर्वेकडचे डोंगर दिसायचे. उन्हाळ्यात दिसायचे नाहीत, तेव्हा धूळ असायची. थंडीत हवा धुतल्यासारखी असायची, तेव्हा डोंगर. मी आले तोवर उलटं झालं होतं. वर्षात सगळ्यात घाण हवा थंडीचीच. तिथे डोंगर आहेत हे मला मामीच्या सांगण्यावरून माहीत, बघितले मी नाहीत.

हे एका वर्षात झालं नाही. बॉयलरच्या पोटात काय जात गेलं, त्याचा इतिहास तुझ्याएवढा कोणाला पाठ नव्हता. तू लागलास तेव्हा लाकूड आणि भुसा. मग लाकूड महागलं, तेव्हा चिंध्या, लूमची घाण, तेलकट बोळे. मग दापोड्याच्या बाजूला भातशेतं बुजवून गोदामं उठली आणि तिथल्या मालाभोवती गुंडाळलेली प्लॅस्टिकची पन्नी गठ्ठ्यांनी यायला लागली. फुकटासारखी, भडकन पेटणारी. तू धुराच्या वासावरून वर्ष सांगायचास. "चुलीचा वास यायचा तवा तू न्हाय जन्मली होतीस." चिंध्यांचा वास आला तेव्हा मी शाळेत. पन्नीचा वास आला तेव्हा मी कॉलेजात. तुला खोकलाही तेव्हाच लागला. मामी आल्याचा काढा करायची. तू म्हणायचास, हवामान बदललंय.

माझा लॅबचा पांढरा ॲप्रन तू बाहेर दोरीवर कधी वाळू दिला नाहीस. मामीच्या साड्या काळ्या झाल्या, तुझे सदरे तर काळेच होते, पण ॲप्रन खोलीत, पंख्याखाली, दारं बंद करून. मामी उकडून मरायची. तू म्हणायचास, "डॉक्टरांचा असतो तसला हाय तो. त्याला डाग नको." डिग्री मिळाली त्या दिवशी तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास. मी काळा डगला आणि टोपी घालून फोटोला उभी राहिले, आणि तू माझ्या कानात विचारलंस, "टोपी परत द्यायची काय?" मी हो म्हटलं. तुझा चेहरा उतरला. त्या फोटोत तुझा शर्ट कडक पांढरा आहे आणि नखं काळी. मी फोटोतली नखं कापून तो भिंतीवर लावायला तयार नाही. मामीला वाटतं कापावीत.

आता तो श्रावण.

शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली आणि मी अर्ज लिहिला. प्रदूषणाच्या ऑफिसला. साइझिंगचं नाव, चिमणीचे फोटो, काय जाळतात ते, चाळीतल्या किती जणांना दमा आहे ते. चार पानं, शुद्ध भाषेत. मला फार अभिमान वाटला. तुला वाचून दाखवला तेव्हा तू जेवत होतास.

"आता नको टाकू," तू म्हणालास.

"का?"

"दिवाली होऊ दे."

"दिवाळीला काय आहे?"

"मी सांगतो म्हनून."

"तुझ्या तोंडातून शेठची खोली बोलते आहे, मामा."

तू ताटात हात धुतलास आणि उठलास. भात तसाच होता. मामी म्हणाली, "तुझ्या डिगरीत घर बसतं काय गं? आमी कुठं ऱ्हायचं?" मी दुसऱ्या दिवशी अर्ज टाकला.

ऑफिसात नंबर लागता लागता दोन महिने गेले. मशीन आलं ते श्रावणात. दोन माणसं, एक पेटी, समोरच्या इमारतीच्या गच्चीवर ताडपत्रीखाली लावली. पेटी हवा ओढते आणि आतल्या पांढऱ्या कागदावर धूळ बसते, तो कागद मोजतात. आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. कागद त्यांनी काढला तेव्हा माझ्या ॲप्रनसारखा होता. त्यातला एक जण हसून म्हणाला, "ताई, मस्त हवा आहे तुमची."

बारा महिन्यांचा धूर मला तू शिकवला होतास. झाकण मी परीक्षेत लिहून आले होते, त्याला पूर्ण मार्क होते. आणि तरी मी मे महिन्यात अर्ज टाकला, कारण परीक्षा मेमध्ये संपली. आपल्या गावचा अडाणी माणूससुद्धा पेरायच्या आधी आभाळ बघतो. मी आभाळ बघितलं नाही. मी कॅलेंडर बघितलं.

पण माझी चूक एवढी मोजायची तर तुझीही मोजू. त्या दिवशी चिमणीतून पांढरी वाफ निघत होती. शेठला आधीच कळलं होतं आणि त्याने फक्त लाकूड जाळायला सांगितलं होतं, ओलं लाकूड. ओल्या लाकडावर स्टीम धरणं म्हणजे काय, हे साइझिंगमधल्या कोणालाही विचारावं. लाकूड धुमसतं, स्टीम पडते, सिलिंडर गार होतात, सुतावरची खळ वाळत नाही आणि बीमवर, म्हणजे सूत गुंडाळायच्या मोठ्या रुळावर, सूत सुताला चिकटून बसतं. भिवंडीत ते धरू शकणारे हात मोजके. त्यातले दोन तुझे. आदल्या दिवशीपासून तू लाकूड बारीक फोडून बॉयलरच्या पाठीवर रचून सुकवलंस, दोन ड्युट्या सलग केल्यास, मिनिटामिनिटाला ढलप्या घालत राहिलास. एक बीम चिकटलं नाही. एक काळा लोट निघाला नाही. मशीनवाल्या साहेबांनी विचारलं, "काय जाळता?" तू म्हणालास, "लाकूड, साहेब. लाकूडच." मी दोन पावलांवर उभी होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

रिपोर्ट आला, "मर्यादेत." शेठने तो काचेत बसवला आणि ऑफिसात देवाच्या फोटोशेजारी लावला. पेढे वाटले. तू त्यातला एक पेढा कागदात गुंडाळून घरी आणलास आणि माझ्यापुढे ठेवलास. का आणलास, मामा? चिडवायला? की माफी मागायला? मी तो मुंग्यांना खाऊ दिला. गणपती आले, गेले, मी तुझ्याशी बोलले नाही. दसऱ्याला तू सोनं हातात ठेवलंस तेव्हा घ्यावं लागलं.

आणि जे मी कधीच विचारलं नाही ते हे. "दिवाली होऊ दे" म्हणालास तेव्हा तू मला मोसम सांगत होतास, की शेठला वेळ मिळवून देत होतास? मोसम सांगत असशील तर तू माझ्या बाजूचा होतास आणि मी तुला शेठचा माणूस म्हटलं. वेळ काढत असशील तर मी बरोबर होते. त्यानंतर चार वर्षं आपण एका खोलीत होतो. मी विचारलं नाही, कारण पहिलं उत्तर आलं असतं तर मला वाकावं लागलं असतं. मला वाकता येत नाही. हे तुझंच शिकवणं.

त्याच वर्षी मी दापोड्याच्या गोदामात लागले. सुपरवायझर, गळ्यात कार्ड, गेटमधून जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर माझी सही. चाळीत तू सांगत फिरलास, "तिच्या सहीबिगर ट्रक हलत न्हाय." हलत नव्हताच. रिकामी पन्नी भंगाराच्या गाडीत भरली जायची त्या गाडीवरही माझीच सही. आमच्या गोदामात गठ्ठे हिरव्या टेपने बांधतात. मागच्या थंडीत तुझा डबा द्यायला बॉयलरवर आले आणि तुझ्या फावड्यापाशी हिरव्या टेपचा गठ्ठा बघितला. अर्धा भट्टीत गेला होता. तू खोकत होतास आणि उरलेला ढकलत होतास. मी डबा ठेवला आणि पळाले. तुला वाटलं मला वास सहन झाला नाही.

त्या दिवसापासून मी गेटपासच्या प्रती काढायला लागले. कोणती गाडी, काय माल, कुठे उतरवला. माझी सही आहे म्हणून तो पुरावा आहे. आणि माझी सही आहे म्हणून त्यात मीही आहे. तेही मी अर्जात लिहिलं. दुसऱ्या अर्जात. तो मी दसऱ्याला टाकला, आभाळ बघून, म्हणजे माणसं येतील तेव्हा धूर झोपलेला असेल. तुला सांगितलं नाही. या वेळी तू लाकूड फोडायला बसू नयेस म्हणून सांगितलं नाही. तुझ्यावर विश्वास नव्हता, मामा. हे तू जिवंत असताना तोंडावर बोलले असते तर बरं झालं असतं.

नंबर लागायच्या आत तू पडलास. सरकारी दवाखान्यात डॉक्टरने छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "काम काय?" तू म्हणालास, "बॉयलर." त्याने पुढे काही विचारलं नाही. तो एकच माणूस आहे ज्याने विडीचं नाव काढलं नाही. तुझ्या तोंडावर मास्क होता. तू तो बाजूला करून म्हणालास, "तिकडं बीम चिकटली असतील." मी म्हटलं, "मरो तुझा बॉयलर." तू हसलास. मास्क परत लावलास. मग खोकला आला आणि नर्सने मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तू गेलास ती मार्गशीर्षातली सकाळ, खिडकीतून समोरची पाण्याची टाकीसुद्धा दिसत नव्हती. तुझ्याशी माझे शेवटचे शब्द तेच राहिले. ते मी मागे घेत नाही. त्यांचं जे करायचं ते मी केलं.

मशीन आलं तुझ्या दहाव्याच्या दिवशी.

पुरुषमंडळी कामवारी नदीच्या काठी गेली होती. मामी म्हणाली, "आज तरी घरात बस." मी गच्चीवर गेले. शेठला या वेळीही आधी कळलं होतं. पहाटेच लाकडाचा टेम्पो येऊन पडला होता, ओंडके सगळे ओले. बॉयलरवर दुसऱ्या साइझिंगमधून आणलेला नवा माणूस होता. पन्नीवर शिकलेला हात. त्याने ओंडके तसेच आत घातले. नऊ वाजेपर्यंत पांढरा धूर निघाला, मग तोही मरगळला. दहाच्या सुमारास खालून आरडाओरडा ऐकू आला. स्टीम पडली होती. तीन बीम चिकटली. लूमवाले फोनवर फोन करत होते. रामसमुझचाचा, तुझा जोडीदार, जिन्यातून वर आला, माझ्याशेजारी उभा राहिला आणि चिमणीकडे बघत म्हणाला, "शांताराम होता तो अभी तक संभाल लेता."

"हां चाचा," मी म्हटलं. "इसलिए तो आज बुलाया है."

हे खोटं होतं. तारीख ऑफिसने ठरवली होती. पण म्हणताना बरं वाटलं.

अकराला शेठ स्वतः बॉयलरवर गेला. त्याला मशीन दिसत होतं, मी दिसत होते. पण उद्याचा माल त्याला त्याहून जास्त दिसत होता. साडेअकराला चिमणी पिवळी झाली, मग काळी; पन्नी आत गेली होती. धूर वर गेला नाही. जाणार कुठे? बाहेर पडला आणि चटई अंथरावी तसा गच्चीवर, मशीनवर, आमच्यावर पसरला. मशीनच्या माणसाने रुमाल नाकाला लावला. चाचा खोकत खाली बसला. मी उभी राहिले. मामा, आयुष्यात पहिल्यांदा तो वास मला गोड लागला.

शेठ सगळं जमवून होता. टेम्पो जमवला, लाकूड जमवलं, माणूस जमवला. एक गोष्ट त्याच्याकडे उरली नव्हती. त्याचं पाप झाकणारे हात त्यानेच संपवले होते.

दुसऱ्या दिवशी कागद बाहेर काढला. तव्याच्या बुडासारखा. त्या माणसाने तो चिमट्यात धरून माझ्यापुढे केला आणि म्हणाला, "ताई, हे मोजायला मशीन कशाला लागतंय?"

पुढचं पटापट झालं. रिपोर्ट आला, नोटीस आली, बॉयलरच्या दाराला सील लागलं. सील लावताना शेठ माझ्याकडे बघत होता. मी नजर काढली नाही. मला वाटत होतं काहीतरी बोलावं, तयारीही केली होती. पण तो इतका साधा दिसत होता, पोट सुटलेला, घाम पुसणारा, की बोलणं वाया गेलं असतं. गोदामाने मला दुसऱ्याच दिवशी कार्ड जमा करायला सांगितलं. अपेक्षित होतं. शेठचा मुकादम येऊन सांगून गेला, महिनाअखेर खोली खाली करा. तेही अपेक्षित होतं. मामी भांडी पोत्यात भरते आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते.

ज्याची तयारी नव्हती ते म्हणजे रामसमुझचाचा. सील लागल्यावर तिसऱ्या दिवशी तो आला, बरोबर सात-आठ जण. आत आले नाहीत. पायरीपाशी उभे राहिले, जसे कोणी गेल्यावर उभे राहतात तसे.

"बिटिया, शांताराम का बदला हो गया?"

"हो गया."

"अब हमारा चूल्हा?"

मी म्हटलं, शेठला सांगा, चिमणीला धूर गाळायचं यंत्र लावा, सुकं लाकूड आणा, मग सील उघडायला मी स्वतः ऑफिसला येते. माझ्या अक्षरात अर्ज देते.

मागून एक जण बोलला, "शेठ नहीं लगाएगा. गाला भाड़े पे दे देगा गोदाम को."

ते खरं असू शकतं. 

चाचाला खोकला आला. पायरीचा कठडा धरून त्याने खोकला संपवला, बाजूला थुंकला, आणि जे थुंकला त्यावर पायाने माती ओढली. तू ओढायचास तशी. मी बघितलं हे त्याने बघितलं.

"दूसरी साइझिंग में लग जाऊँगा," तो म्हणाला. "वहाँ भी यही जलता है."

"कौनसी?"

त्याने कठडा सोडला. मग मान हलवून हसला. "शांताराम की भांजी है तू. नहीं बताऊँगा."

"मत बताओ. चिमनी दिखती है मेरेको."

तू असतास तर त्या दिवसापासून माझ्याशी बोलला नसतास. मला माहीत आहे. तुला माणसं दिसली असती, त्यांची पोरं दिसली असती, आणि तू म्हणाला असतास की अशी कुऱ्हाड घालायची नसते. कदाचित तुझंच खरं असेल. पण तू आयुष्यभर सांभाळून घेतलंस, मामा. स्टीम सांभाळलीस, शेठला सांभाळलंस, खोली सांभाळलीस, मला सांभाळलंस. त्या सांभाळण्यावर मी शिकले, आणि त्याच सांभाळण्याने तू गेलास. मला सांभाळता येत नाही. मला मोजता येतं, लिहिता येतं आणि वाट बघता येते.

काल सकाळी मामी पायरीवर येऊन बसली. बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलली. "बंद हाय तर हवा साफ वाटते काय गं?"

मी खरं सांगितलं, "न्हाय मामी." आपली चिमणी गार पडली आहे, पण तिच्या मागे एक चालू आहे, डावीकडे दोन. तिघींचा धूर आपल्याच पत्र्यावर उतरत होता.

मामीने पदर नाकाला लावला. चिमण्या बोटांवर मोजल्या. मग म्हणाली, "कागद हायेत काय घरात?"

मी आज तीन अर्ज लिहून ऑफिसात दिले. प्रत्येकाला दोन पानं, या वेळी शुद्ध भाषेवर वेळ घालवला नाही. ऑफिसातल्या माणसाने विचारलं, "ताई, एवढी घाई कसली?" मी म्हटलं, थंडी आता महिनाभरच उरली आहे.